बापूंच्या नावाचा सातबारा

सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाला आहे, ही बातमी जून २०११ मध्ये वर्तमानपत्रांत आली. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्यांचा दुसरा एक चष्मा, चपला, खिशातलं घड्याळ आणि ताट-वाटी हा ऐवज १८ लाख डॉलरला गेला होता. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळच्या लिलावात आणखी एका चष्म्याला २ लाख ६० हजार पौंड आले. आपल्या झोपडीवर १०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असं बजावून सेगावात राहायला आलेल्या माणसाच्या या वस्तू.

चष्म्याचं एक बरं असतं. तो कुठेतरी ठेवलेला असतो, कुणाच्या तरी ताब्यात असतो. चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार होते, लिलावात गेला तर पावती फाटते. पण ज्या माणसाच्या नाकावर तो होता, त्याचं नाव कुणाचं? त्याचा चेहरा, त्याची सही, त्याचा आवाज, त्याने लिहिलेला शब्द कुणाचा? माणूस गेल्यावर शेत वारसांच्या नावे चढतं, तलाठी फेरफार नोंदवतो. नावाचा असा फेरफार होतो का? गांधीजींच्या नावाचा सातबारा काढायला गेलं, तर मालकाच्या रकान्यात काय लिहिलेलं सापडेल?

हा प्रश्न वर्ध्यातून विचारायला विशेष कारण आहे. साबरमतीचा आश्रम सोडल्यावर १९३३ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले ते जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे. आधी शहरात, मग मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ ला सेगावला गेले. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जायला लागलं, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आणि आपल्यामागे आपल्या लेखनाचं काय व्हावं, हे त्यांनी लिहून ठेवलं तेही त्याच वर्षी.

त्यांच्या नावाचा धंद्यासाठी वापर त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. १९२१ च्या सुरुवातीला त्यांना दिसलं, की बाजारात ‘महात्मा गांधी’ नावाच्या सिगारेटी आल्या आहेत आणि पाकिटावर त्यांचंच चित्र आहे. त्यांनी ‘यंग इंडिया’त चिडून लिहिलं. आपल्या नावाचे जेवढे गैरवापर झाले, त्यांत याच्याइतका मानहानीचा दुसरा नाही, असा त्या लेखाचा सूर आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत ज्याला ‘व्यक्तिमत्त्व हक्क’ म्हणतात, म्हणजे आपलं नाव आणि रूप कुणी बाजारात आणावं हे ठरवायचा आपला अधिकार, त्याचीच ती मागणी होती. फरक एवढाच, की ते कोर्टात गेले नाहीत.

मात्र ते नावाच्या किमतीला विटाळ मानत नव्हते. सही मागायला येणाऱ्याकडून ते ५ रुपये घेत आणि ते पैसे हरिजन फंडात टाकत. त्या काळी ५ रुपये ही लहान रक्कम नव्हती. १९३५ च्या जुलैमध्ये त्यांनी आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम या कारागिराला एक पत्र लिहिलं. त्याने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हाती स्वदेशी फाउंटन पेन पाठवलं होतं. आपण ते वापरून पाहिलं आणि परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, असं गांधीजींनी कळवलं. ते पत्र रत्नम पेनांची पुढची ओळखच बनलं. म्हणजे एका मालाला त्यांनी नाव दिलं आणि दुसऱ्याला नाकारलं. सिगारेट विकून कुणाचं भलं होत नव्हतं. पेन विकून गावातल्या हाताला काम मिळत होतं. त्यांच्या नावाबाबत पुढे जे वाद झाले, ते समजून घ्यायला हीच कसोटी उपयोगी पडते असं मला वाटतं. नावातून पैसा झाला का, हा प्रश्न दुय्यम. तो कुणाकडे गेला आणि कशासाठी गेला, हा मुख्य.

आता शब्दांकडे. १९१० मध्ये ‘हिंद स्वराज’चं इंग्रजी रूप दक्षिण आफ्रिकेत छापलं, तेव्हा त्यांनी पुस्तकावर कुठलेही हक्क राखलेले नाहीत असं छापून टाकलं होतं. ज्याला हवं त्याने छापावं. पुढे त्यांनी हा नियम सैल केला. आत्मकथेची मागणी अमेरिकेतून आली, प्रकाशक पैसे द्यायला तयार होते, तो पैसा चरख्याच्या कामाला लावता येणार होता. शिवाय त्यांच्या लेखांची घाईगर्दीत भाषांतरं होऊन अर्थाचा अनर्थ व्हायला लागला होता. तेव्हा त्यांनी हक्क राखायला सुरुवात केली, पण ते स्वतःसाठी नव्हे. २० फेब्रुवारी १९४० च्या मृत्युपत्रात त्यांनी आधी सांगितलं, की आपली काही मालमत्ता आहे असं आपण मानत नाही. तरीही कायद्याने किंवा लोकरीतीने जे आपलं समजलं जाईल ते, आणि आपल्या छापील-अछापील सगळ्या लेखनाचे हक्क, त्यांनी अहमदाबादच्या नवजीवन संस्थेला दिले. पुस्तकांच्या निव्वळ नफ्यातला २५ टक्के वाटा दरवर्षी हरिजन सेवक संघाला जावा, हेही लिहिलं. चार मुलगे हयात असताना लेखनाचा एक कागदही घरच्यांच्या नावे केला नाही.

नवजीवनने हे हक्क सहा दशकं सांभाळले आणि आत्मकथा सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकत राहिली. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट चालत असे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून विश्वभारतीसाठी धावपळ झाली आणि संसदेने मुदत ६० वर्षं केली. त्या एका दुरुस्तीने देशातल्या सगळ्याच लेखकांची मुदत वाढली. गांधीजींचीही १९९८ ची २००८ वर गेली. ३१ डिसेंबर २००८ ला ती संपली. ती आणखी वाढवून मागण्याच्या फंदात नवजीवन पडलं नाही. तेव्हापासून ‘सत्याचे प्रयोग’ कुणीही छापू शकतो.

मराठी वाचकाने याचा अनुभव साने गुरुजींच्या बाबतीत घेतला आहे. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, हक्क २०१० अखेर संपले आणि ‘श्यामची आई’च्या नाना प्रकाशकांच्या आवृत्त्या दुकानांत दिसू लागल्या. उलट पवनारला धाम नदीच्या काठी १५ नोव्हेंबर १९८२ ला देह ठेवणाऱ्या विनोबांचं लेखन ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत कॉपीराइटखाली आहे. सेवाग्राम आणि पवनार यांच्यात काही किलोमीटरचं अंतर, पण कायद्याच्या कॅलेंडरात ३४ वर्षांचं.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ६० वर्षांची ही मोजणी लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला लागू आहे. मागे राहिलेलं अप्रकाशित लेखन पहिल्यांदा ज्या वर्षी छापलं जाईल, तिथून पुढे ६० वर्षं, असा वेगळा नियम आहे. गांधीजींनी पत्रं हजारोंनी लिहिली आणि त्यांतली पुष्कळशी प्रथम उजेडात आली ती त्यांच्या समग्र लेखनाच्या १०० खंडांत. ते काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि १९९० च्या दशकात पुरं झालं. म्हणजे एखादं पत्र त्या खंडांतून १९७५ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं असेल, तर त्याचा हक्क २०३५ अखेरपर्यंत चालतो. ‘गांधींचं सगळं लेखन मोकळं झालं’ हे विधान म्हणूनच अर्धं खरं आहे.

छायाचित्रांचा हिशोब आणखी निराळा. सेवाग्रामचं जीवन आज आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते मुख्यतः कनू गांधींमुळे. नारणदास गांधींचा हा मुलगा, नात्याने बापूंचा नातू, आश्रमात हिशोब आणि पत्रव्यवहार पाहत असे. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून कॅमेरा आणि फिल्म आली. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: झगझगीत दिवा लावायचा नाही, मुद्दाम उभं राहा किंवा बसा म्हणायचं नाही आणि आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत. कनूने फोटो वर्तमानपत्रांना विकले आणि त्या पैशांवर कॅमेरा चालता ठेवला. त्याने टिपलेले क्षण पाहा: वजनकाट्यावर उभे बापू, टेलिफोन कानाला लावलेले बापू, कस्तुरबांच्या शेजारी बापू. यांतल्या कुठल्याही चित्राचा हक्क बापूंचा नव्हता. कायद्यात फोटो असतो तो काढणाऱ्याचा, ज्याचा काढला त्याचा नाही. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत, फोटो प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं हा हक्क चालत असे. त्यामुळे एकाच दिवशी एकाच खोलीत काढलेल्या दोन फोटोंपैकी १९३९ च्या वर्तमानपत्रात छापलेला फोटो मोकळा असेल आणि डब्यात पडून राहून १९९० मध्ये पुस्तकात आलेला फोटो अजून कुणाच्या तरी हक्कात असेल.

आणि वस्तू व मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगायला हवं. लिलावात गांधीजींचं पत्र घेणाऱ्याला कागद आणि त्यावरची शाई मिळते. तो मजकूर छापण्याचा हक्क त्या पैशांत मिळत नाही. २००९ च्या न्यूयॉर्कच्या लिलावाविरुद्ध नवजीवन दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मनाईही मिळाली, पण अमेरिकेतला हातोडा त्याने थांबला नाही. विजय मल्ल्यांच्या माणसाने बोली जिंकली. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षं जुन्या वस्तूंना आणि ७५ वर्षं जुन्या हस्तलिखितांना देशाबाहेर जाऊ देत नाही, पण आधीच बाहेर गेलेल्याला तो परत आणू शकत नाही. म्हणून २०१२ मध्ये गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हर्मान कालेनबाख यांच्याकडची गांधींची पत्रं लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा भारत सरकारने सुमारे ७ लाख पौंड मोजून ती आधीच विकत घेतली. पैसा गेला, पण कागद अभ्यासकांसाठी घरी आला. मला तो खर्च योग्य वाटतो.

आता येऊ नावाकडे आणि चेहऱ्याकडे. इथे आपल्या देशाने एक अनोखी गोष्ट करून ठेवली आहे. १९५० चा ‘बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा’ आहे. राष्ट्रध्वज, राजमुद्रा, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह हे धंद्यासाठी वापरायचं नाही, असं तो सांगतो. त्याच्या परिशिष्टात एका ओळीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांची नावं एकत्र आहेत. यांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापारात किंवा ट्रेडमार्कात वापरता येत नाही. सवलत आहे ती कॅलेंडरला. कॅलेंडरवर फक्त ते बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी नसेल, तर चित्र चालतं. किराणा दुकानाच्या भिंतीवर बापू आणि शिवाजी महाराज वर्षानुवर्षं लटकत आले ते या फटीतून.

पण हा कायदा मोडला तर काय? दंड जास्तीत जास्त ५०० रुपये, असं त्यात लिहिलं. खटला भरायचा तर केंद्राची मंजुरी लागते. वारसाला किंवा एखाद्या संस्थेला स्वतः उठून दंड वसूल करता येत नाही. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर मालकाच्या रकान्यात सरकारचं नाव लागलं, पण कुंपण घालायला कुणी आलं नाही.

या कुंपणाची परीक्षा झाली ती २००९ मध्ये. युरोपातल्या माँ ब्लाँ कंपनीने गांधीजींच्या नावाने पेन काढलं. सोन्याच्या निबवर काठी घेतलेले बापू कोरलेले, अंगावर चातीवरच्या सुतासारखी सोन्याची तार गुंडाळलेली. दांडीयात्रेचे २४१ मैल म्हणून पेनंही २४१ आणि किंमत ११ लाख रुपयांच्या वर. गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांनी त्याला संमती दिली होती. त्यांच्या प्रतिष्ठानाला बालमजुरीतून सोडवलेल्या मुलांच्या निवासासाठी देणगीही मिळाली. केरळमधल्या एका ग्राहक संस्थेने याच १९५० च्या कायद्यावर बोट ठेवून जनहित याचिका केली आणि २०१० मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली. देणगीचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण संमती देण्याचा अधिकार पणतूचा नव्हता, हा मुद्दा कायद्याच्या अक्षरात स्पष्ट आहे. आणि मगनवाडीच्या हातकागदाला, राजमहेंद्रीच्या कारागिराच्या पेनाला नाव देणाऱ्याच्या कसोटीवर ते सोन्याचं पेन उतरत नव्हतं.

शिवाजी महाराज १९५० च्या कायद्याच्या यादीत आहेत, संभाजी महाराज नाहीत. त्यामुळे पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ दशकानुदशकं कायद्याला धक्का न लावता विकली गेली. तिला हटवलं ते लोकांच्या आंदोलनाने. २०२१ मध्ये ती ‘साबळे बिडी’ झाली. महाराष्ट्रातली आणखी किती थोर नावं या यादीबाहेर आहेत, याची वाचकाने मनात मोजदाद करून पाहावी. त्यांना आधार आहे तो ट्रेडमार्क कायद्यातल्या एका कलमाचा. व्यक्ती अलीकडच्या २० वर्षांत वारली असेल तर तिच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवताना निबंधक वारसांची संमती मागू शकतो. वीस वर्षं उलटली की तेही नाही.

अमेरिकेत चित्र अगदी उलट. तिथे अनेक राज्यांत मेलेल्या माणसाचं नाव आणि रूप ही वारसांची मालमत्ता असते, शेतासारखीच. इंडियाना राज्यात ती मृत्यूनंतर १०० वर्षं चालते, कॅलिफोर्नियात ७०. इंडियानातल्या सीएमजी वर्ल्डवाइड नावाच्या कंपनीचा धंदाच दिवंगत प्रसिद्ध माणसांची रूपं जाहिरातदारांना भाड्याने देण्याचा. २००१ मध्ये या कंपनीशी तुषार गांधींची बोलणी झाली. गांधीजींची प्रतिमा एका क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत जाणार होती. देशात गदारोळ उठला आणि त्यांनी व्यवहार मागे घेतला.

गांधीजींना गुरुस्थानी मानणारे मार्टिन लूथर किंग यांच्या बाबतीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एका कंपनीने त्यांचे प्लास्टिकचे अर्धपुतळे विकायला काढले. किंग यांच्या स्मारक संस्थेने दावा लावला आणि १९८२ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की किंग यांनी हयातीत आपल्या रूपाचा धंदा केला नसला तरी तो हक्क वारसांकडे जातो. पुतळ्यांच्या बाबतीत निकाल बरोबर वाटतो. पण हीच वाट पुढे कुठे गेली? किंग यांच्या भाषणांचे हक्क घरच्यांनी इतके घट्ट धरले, की २०१४ च्या ‘सेल्मा’ चित्रपटात किंग यांची भूमिका करणाऱ्या नटाच्या तोंडी किंग यांचे शब्द घालता आले नाहीत, त्यासारखे दुसरे लिहावे लागले. ज्याने लाखोंसमोर उघड्यावर भाषणं केली, त्याचे शब्द त्याच्यावरच्याच चित्रपटात नाहीत. गांधीजींचे शब्द अशा कुलपात गेले असते तर वर्ध्याच्या शाळेतल्या मुलांनी २ ऑक्टोबरला काय वाचलं असतं?

आइनस्टाइन यांनी आपलं लेखन जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला दिलं. एका मोटार कंपनीने त्यांचा चेहरा जाहिरातीत वापरला, तेव्हा विद्यापीठ कोर्टात गेलं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने सांगितलं, की मृत्यूला ५० वर्षं होऊन गेली, आता तो चेहरा सगळ्यांचा. कधीतरी मोकळं व्हायलाच हवं, हे त्या न्यायाधीशांना पटलं होतं.

आपली न्यायालयं सध्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत. जयललितांच्या जीवनावरचा चित्रपट थांबवायला त्यांची भाची मद्रास उच्च न्यायालयात गेली. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबरच संपतो, तो वारशाने येत नाही, असं न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये हेच सूत्र धरलं: नाव, रूप, प्रसिद्धी यांवरचा हक्क हयातीपुरताच. फौजदारी कायद्यात मृताची बदनामी हा गुन्हा आहे आणि लेखकाच्या मजकुराची मोडतोड झाल्यास वारसांना तक्रार करता येते. त्यापलीकडे वारसाच्या हातात फारसं काही नाही.

व्यापाराचा वापर आणि कलेचा वापर यांत फरक आहे, हे मात्र आपल्याकडे पुसट होत चाललं आहे आणि त्याची मला काळजी वाटते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली आणि कवी, मुद्रक व प्रकाशक यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. लातूरहून निघालेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचायला दोन दशकं लागली. मे २०१५ मध्ये न्यायालयाने मुद्रक-प्रकाशकांना सोडलं, पण कवीला नाही. थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना लेखनस्वातंत्र्याचं माप अधिक कडक राहील, असं ठरलं. ती कविता सगळ्यांना आवडावी असा आग्रह नाही. पण धंद्यावर ५०० रुपये दंड आणि कवीवर वीस वर्षांचा खटला, हे माप उलटं झालं आहे. बापूंवर रागावलेला, त्यांना जाब विचारणारा कवी त्यांच्या नावातून पैसे काढत नाही. सिगारेटवाला काढत होता.

माझं मत असं आहे: अशा नावाचा मालक कुणीच नको, ना वारस, ना सरकार. विश्वस्त मात्र हवा. ही कल्पना बाहेरून आणायची गरज नाही. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा मालक न समजता विश्वस्त समजावं, हे गांधीजी सांगत होते आणि ते पाळू पाहणारे जमनालालजी याच वर्ध्याचे. मृत्युपत्रात गांधीजींनी शब्दांची तीच व्यवस्था केली: हक्क एका संस्थेकडे, नफ्याचा वाटा ठरवलेल्या कामाकडे, आणि मुदत संपली की सगळं लोकांचं. नावासाठी आणि चेहऱ्यासाठी संसदेने असाच कायदा करावा. व्यापारी वापरापुरता, ठरावीक मुदतीचा, कवी, नाटककार, इतिहासकार आणि टीकाकार यांना मोकळीक देणारा, आणि दंड असा की कंपनीला तो जाणवेल.

हे आता टाळून चालणार नाही. २०२४ मध्ये अरिजित सिंह आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेले. यंत्राने त्यांचा आवाज हुबेहूब तयार करून विकला जात होता. न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं, कारण ते हयात होते आणि दाद मागू शकत होते. १९३१ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेला गांधीजींचा आवाज सगळ्यांना उपलब्ध आहे. त्यावरून यंत्र उद्या त्यांच्या तोंडून काहीही वदवेल. त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावावर आजच भिंतीभिंतींवर रंगवलेली आहेत. ती निदान वाचून पडताळता येतात.

कायदा होईल तेव्हा होईल. एक काम वर्धा, आर्वी, हिंगणघाट, देवळीकडच्या घरांतून आजही होऊ शकतं. आश्रमात, मगनवाडीत, चरखा संघात, भूदानात राबलेल्या माणसांच्या घरी जुन्या ट्रंकांत बापूंची, विनोबांची, कुमारप्पांची पत्रं असतील. तुमच्या घरी असं पत्र असेल तर तो कागद तुमचा आहे, कुणी तो मागू शकत नाही. त्यातला मजकूर तुमचा नाही. विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी त्याची दोन्ही बाजूंची नीट प्रत काढा, पाकिटावरचा टपालशिक्का दिसेल अशी, आणि ती सेवाग्राम किंवा पवनारच्या आश्रमात नेऊन द्या. पावसाळ्याच्या आत द्या. दमट ट्रंकेत शाई फार दिवस टिकत नाही.